सूचनाफलकाची यंत्रसामग्री : निवडीचे निकष

रेल्वेच्या किंवा एसटीच्या स्थानकावरील सूचनाफलकाला जो वाचक लाभतो, तो ग्रंथालयातील वाचकाहून फार निराळा असतो. एका हातात सामान, दुसऱ्या हातात लहान मुलाचे बोट, मागून येणारी गर्दी आणि वर टांगलेल्या फलकाकडे क्षणभर वळलेली नजर, अशा अवस्थेत तो वाचतो. आपली गाडी कोणत्या फलाटावर लागणार आणि केव्हा सुटणार, एवढेच त्याला हवे असते. ते चार-पाच सेकंदांत उमगले नाही, तर तो चौकशीच्या खिडकीकडे धावतो किंवा शेजारच्या प्रवाशाला विचारतो. ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यापर्यंत तर ध्वनिक्षेपकावरील घोषणा पोहोचतच नाही. त्याचा सारा भरवसा फलकावर असतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा २०१६ चा कायदा लक्षात घेता, अशा प्रवाशाला माहिती मिळणे ही कोणाच्या मर्जीची बाब राहिलेली नाही.

असे असूनही नव्या डिजिटल फलकांची खरेदी ठरविताना पहिला प्रश्न बहुधा असा विचारला जातो : पडदा किती इंची घ्यावा? हा प्रश्न चुकीचा नाही. तो फक्त फार लवकर विचारला जातो. वाचणारा किती अंतरावर उभा असेल, त्या जागी उजेड किती असेल, कोणत्या लिप्या दाखवावयाच्या आहेत, वीज किती वेळा जाते आणि फलक बंद पडल्यास तो दुरुस्त कोण करणार, या प्रश्नांची उत्तरे आधी मिळाली म्हणजे इंचांचे उत्तर आपोआप निघते.

फलकांच्या इतिहासाकडे ओझरती नजर टाकणे येथे उपयोगी ठरेल. खडूने लिहिलेला काळा फळा आणि रंगविलेली लोखंडी पाटी यांनी दीर्घकाळ हे काम केले. विसाव्या शतकाच्या मध्यास इटलीतील उदिने या गावच्या सोलारी या कारखान्याने उलटणाऱ्या पट्ट्यांचा फलक प्रचारात आणला. फडफड असा आवाज करीत त्याच्या पट्ट्या बदलत आणि जगातील अनेक स्थानकांवर व विमानतळांवर तो आवाजच प्रवाशांना मान वर करावयास लावी. १९६२ मध्ये अमेरिकेत निक होलोन्याक यांनी लाल प्रकाश देणारा डायोड, म्हणजे एलईडी, तयार केला. निळा तेजस्वी डायोड मिळण्यास मात्र १९९० चे दशक उजाडावे लागले. लाल, हिरवा व निळा हे तिन्ही प्रकाश हाती आल्यावरच पूर्ण रंगीत एलईडी फलक शक्य झाला. त्या निळ्या प्रकाशासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

दुसरा प्रवाह द्रवस्फटिकांचा. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनित्सर यांनी १८८८ मध्ये या चमत्कारिक द्रव्यावस्थेची प्रथम नोंद केली. बंगलोर येथील रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर व त्यांचे सहकारी यांनी १९७७ मध्ये चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले. या क्षेत्रातील भारतीय कार्याचा तो मानबिंदू होय. आज घराघरांतील दूरचित्रवाणी संचात आणि स्थानकांतील बहुसंख्य सपाट पडद्यांत द्रवस्फटिकच असतो. त्याच्यामागे दिवा असतो आणि स्फटिक त्या दिव्याचा प्रकाश अडविण्याचे वा सोडण्याचे काम करतो. एलईडी फलकात याउलट प्रत्येक ठिपका स्वतःच प्रकाशतो. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढील बराचसा विचार सोपा होतो.

आता अंतराचा विचार. हर्मान स्नेलेन या डच नेत्रवैद्याने १८६२ मध्ये डोळे तपासण्याचा जो तक्ता तयार केला, त्याचे तत्त्व असे की, निरोगी डोळ्याला पाच कलांचा कोन करणारे अक्षर जेमतेम वाचता येते. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. हे तत्त्व लावले तर ३० मीटर अंतरावरून वाचावयाच्या अक्षराची उंची किमान ४४ मिलिमीटर येते. परंतु ही झाली तपासणीच्या खोलीतील मर्यादा. चालणारा, थकलेला, कदाचित चष्मा विसरलेला प्रवासी विचारात घेतला तर ती उंची दुपटीहून अधिक, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर, धरणे रास्त होय.

देवनागरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट येते. शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार आणि रफार. अक्षराच्या खाली उकार. एका ओळीला लागणारी जागा त्यामुळे मूळ अक्षराच्या दीडपटीहून अधिक होते. १० सेंटिमीटर उंचीचे अक्षर हवे असेल तर ओळीला १६ सेंटिमीटर तरी द्यावे लागतात. ५५ इंची पडदा आडवा टांगला असता त्याची उंची सुमारे ६८ सेंटिमीटर भरते. म्हणजे ३० मीटरवरून वाचता येतील अशा ओळी त्यावर मावतात फक्त चार. त्याच पडद्यावर दहा गाड्यांची यादी बसविली तर अक्षर ४ सेंटिमीटरच्या आसपास उरते आणि ते सुखाने वाचण्यासाठी प्रवाशाला १२-१३ मीटरच्या आत यावे लागते. मग गर्दी फलकाखाली साचते, आणि स्थानकाच्या दारात साचलेली गर्दी ही स्वतःच एक धोक्याची बाब असते. यादी लांब हवी असेल तर पडदे अधिक लावावेत किंवा पडदा उभा टांगावा. अक्षर लहान करणे हा उपाय नव्हे.

याच गणिताने दुसऱ्या एका मोहाचेही निरसन होते. विक्रेते ‘फोर के’ पडद्याची शिफारस मोठ्या उत्साहाने करतात. अशा पडद्यावर ३,८४० × २,१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात. साध्या ‘फुल एचडी’ पडद्यावर १,९२० × १,०८०, म्हणजे सुमारे २१ लाख. परंतु ५५ इंची फुल एचडी पडद्यावरील शेजारच्या दोन बिंदूंमधले अंतर अवघे ०.६३ मिलिमीटर असते, आणि निरोगी डोळ्यालाही सव्वादोन मीटरपलीकडून ते बिंदू वेगळे दिसत नाहीत. दहा मीटरवर उभ्या असलेल्या प्रवाशाला जादा ६२ लाख बिंदूंचा कोणताही लाभ होत नाही. ते बिंदू हलविण्यासाठी लागणाऱ्या अधिक शक्तिमान संगणकाचे पैसे मात्र मोजावे लागतात.

एलईडी फलकाचे गणित वेगळे आहे. तेथे ठिपक्यांमधले अंतर मिलिमीटरांत मोजतात. १० मिलिमीटर अंतराच्या फलकाचे ठिपके ३४ मीटरपलीकडे एकजीव दिसतात, म्हणून दुरून तो पुरेसा वाटतो. पण १० सेंटिमीटर उंचीच्या अक्षराला त्यावर उभ्याने दहाच ठिपके मिळतात. रोमन लिपीतील मोठे अक्षर पाच गुणिले सात ठिपक्यांतही ओळखू येते. ‘क्ष्म’ किंवा ‘स्त्र्य’ यांसारखे जोडाक्षर दहा ठिपक्यांत बसवू गेल्यास त्याची गाठ होऊन बसते. ४ मिलिमीटरच्या फलकावर त्याच अक्षराला २५ ठिपके मिळतात आणि मजकूर सुटा वाचता येतो. परदेशी माहितीपत्रकातील अंतराचे कोष्टक जसेच्या तसे आपल्या देशात लावता येत नाही, त्याचे कारण हेच होय. तेथील कोष्टके चित्र गुळगुळीत दिसण्यापुरती असतात, जोडाक्षर वाचता येण्यासाठी नसतात.

उजेडाच्या बाबतीत हिशेब तितकाच स्पष्ट आहे. पडद्याची तेजस्विता ‘निट’ या एककात सांगतात. बंद सभागृहात ३०० ते ५०० निटचा पडदा उत्तम दिसतो. उघड्यावर मात्र स्पर्धा थेट सूर्याशी असते. भर दुपारी उन्हात पृष्ठभागावर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो. पडद्याच्या पृष्ठभागाने त्यातील केवळ चार टक्के परत फेकला तरी पडद्याचा काळा भाग जवळजवळ १,३०० निटने चमकू लागतो. ४०० निटचा पडदा तेथे ठेवला तर त्याचा पांढरा भाग १,७०० निटचा आणि काळा १,३०० निटचा; दोहोंतील फरक इतका थोडा की अक्षर दिसेनासे होते. छपराच्या कडेला, जेथे १० हजार लक्स उजेड असतो, तेथे तोच पडदा बऱ्यापैकी वाचता येतो. उघड्या उन्हात फलक लावणे अपरिहार्य असेल तर ४-५ हजार निट तेजस्वितेचा एलईडी फलक घ्यावा लागतो आणि रात्री तो डोळ्यांत खुपू नये म्हणून उजेडानुसार आपोआप मंद होण्याची सोय असावी लागते. त्याआधी एक साधा प्रश्न विचारावा : फलक थोडा आत सरकविता येईल का, उत्तरेकडे तोंड करता येईल का, त्यावर छज्जा काढता येईल का? गवंड्याचे एका दिवसाचे काम पुष्कळदा हजारो निटची बचत करते.

ऊन नुसते डोळे दिपवीत नाही, ते यंत्र तापवितेही. एका चौरस मीटरवर उन्हातून सुमारे १,००० वॅट उष्णता पडते. ५५ इंची पडद्यावर ती ८०० वॅटच्या घरात जाते, आणि पडदा स्वतः खातो ती वीज त्याहून पुष्कळ कमी असते. घरगुती पडदे बहुधा ० ते ४० अंश सेल्सिअस तपमानासाठी घडविलेले असतात. राजस्थानातील फलोदी येथे मे २०१६ मध्ये ५१ अंश तपमान नोंदले गेले होते, आणि पेटीत बंद केलेल्या पडद्याभोवतीचे तपमान बाहेरच्याहून अधिकच असते. द्रवस्फटिक मर्यादेपलीकडे तापला म्हणजे आपला गुणधर्म गमावतो आणि पडद्यावर काळे डाग पसरतात. थंडावल्यावर ते नाहीसे होतात, पण प्रवाशाची गाडी तोवर निघून गेलेली असते. विद्युत्-मंडलातील धारित्रांचे आयुष्य दर दहा अंश वाढीमागे साधारणतः निम्मे होते, हा अभियंत्यांचा अनुभवसिद्ध ठोकताळा आहे. म्हणून राजस्थानात उष्णता, लेहमध्ये थंडी, आसामात पाऊस आणि रत्नागिरी किंवा पुरी येथे खारी हवा, असा ज्या त्या ठिकाणचा शत्रू ओळखून पेटी निवडावी. पेटीवर लिहिलेला ‘आयपी ६५’ हा संकेत दोन गोष्टी सांगतो : सहाचा आकडा धूळ आत जाणार नाही याची ग्वाही देतो, पाचाचा आकडा पाण्याचा फवारा सहन होईल याची. मात्र घट्ट बंद पेटी उष्णताही आत कोंडते. तेव्हा धूळ रोखणे आणि उष्णता बाहेर काढणे या परस्परविरोधी गरजांचा मेळ निर्मात्याने कसा घातला आहे, हे विचारलेच पाहिजे.

पडद्याइतकाच महत्त्वाचा भाग म्हणजे त्याला मजकूर पुरविणारा लहान संगणक, ज्याला या व्यवसायात ‘प्लेअर’ म्हणतात. गाड्यांची यादी दाखविण्यास फार बुद्धी लागत नाही. २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये रास्पबेरी पाय नावाची, पत्त्याच्या पानाएवढी संगणकपट्टी अल्प किमतीत बाजारात आली आणि अशा कामासाठी मोठा संगणक अनावश्यक असल्याचे सिद्ध झाले. काही पडद्यांत हा प्लेअर आतच बसविलेला असतो. त्यामुळे तारांची गुंतागुंत कमी होते, पण एक बिघडला की दोन्ही काढावे लागतात, आणि संस्था त्या निर्मात्याच्या कार्यप्रणालीला बांधली जाते. लहान गावातील स्थानकासाठी प्लेअर वेगळा असणे श्रेयस्कर. तो कपाटातून काढून दुसरा जोडणे स्थानिक कर्मचाऱ्यालाही जमते.

प्लेअरची परीक्षा वेगाने करू नये, विजेच्या लपंडावाने करावी. लिहिण्याची क्रिया चालू असताना वीज गेली तर स्मृतिपत्रिकेवरील, म्हणजे मेमरी कार्डावरील, नोंदी बिघडू शकतात आणि वीज परत आल्यावर प्लेअर सुरूच होत नाही. म्हणून मूळ कार्यप्रणाली केवळ वाचनासाठी खुली असलेल्या भागात ठेवावी, बदलणाऱ्या नोंदी वेगळ्या भागात असाव्यात आणि काही मिनिटे तग धरणारा वीजसंचय जोडावा. प्लेअर गोठल्यास त्याला आपोआप पुन्हा सुरू करणारी पहारेकरी यंत्रणा असावी. अनेक स्वस्त संगणकपट्ट्यांवर स्वतःच्या घटावर चालणारे घड्याळ नसते. वीज गेली आणि इंटरनेटही नसले तर त्यांना वेळच कळत नाही. वेळापत्रक दाखविणाऱ्या यंत्राला वेळ ठाऊक नसणे यासारखी विसंगती दुसरी नसेल.

लिपीची परीक्षा तर याहूनही आधी घ्यावी. युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीत १९९१ पासून भारतीय लिप्यांना स्थान मिळालेले आहे, तरी अक्षरांची योग्य जुळणी करण्याची सोय प्रत्येक प्लेअरमध्ये असतेच असे नाही. ती नसेल तर पहिली वेलांटी व्यंजनाच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरे हलन्ताच्या पायऱ्यांत विखुरतात. विक्रेत्याने आणलेल्या सुंदर चित्रफितीवर समाधान न मानता ‘कऱ्हाड’, ‘स्वातंत्र्य’, ‘किर्लोस्करवाडी’ असे शब्द त्याच्याच यंत्रावर टंकून दाखवावयास सांगावे. मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदीहून वेगळे असते, तेही पाहावे. तमिळ, बंगाली, मलयाळम यांच्या आपापल्या अडचणी आहेत. उर्दू तर उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. स्थानकाला लागणाऱ्या प्रत्येक भाषेत ही परीक्षा व्हावी. तीन भाषा एकाच पडद्यावर आळीपाळीने दहा-दहा सेकंद दाखविल्या तर आपल्या भाषेसाठी प्रवाशाला कधी कधी वीस सेकंद थांबावे लागते. जेथे लोक धावत येतात तेथे ही प्रतीक्षा मोठी आहे. तेथे भाषांसाठी स्वतंत्र पडदे द्यावेत किंवा गाडीचा क्रमांक आणि फलाटाचा आकडा सतत स्थिर ठेवावा.

फलक जेथे टांगला जातो त्या सांगाड्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. मोजमाप असे : वाऱ्याचा दाब, न्यूटनमध्ये दर चौरस मीटरला, वेगाच्या वर्गाच्या ०.६ पट धरतात. सेकंदाला ४४ मीटर वेगाचा वारा सहा चौरस मीटरच्या फलकावर समोरून आदळला तर जवळजवळ ७,००० न्यूटन, म्हणजे सुमारे ७०० किलोग्रॅम वजनाइतका रेटा बसतो. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे वादळी वाऱ्यात एक प्रचंड जाहिरातफलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसे प्राणास मुकली. तो फलक डिजिटल नव्हता. परंतु वारा फलकाच्या आत काय आहे हे पाहत नाही, त्याचे क्षेत्रफळ पाहतो. म्हणून सांगाड्याचा आराखडा संरचना अभियंत्याने तपासून दिलेला असावा, आणि तो खर्च फलकाच्या किमतीचाच भाग मानावा.

अखेरीस पैशाचा हिशेब. एक पडदा १५० वॅट वीज घेतो आणि दिवसाला २० तास चालतो असे धरले तर वर्षाला १,०९५ युनिट होतात. बारा पडद्यांचे पाच वर्षांत ६५,७०० युनिट. युनिटला ८ रुपये दर धरल्यास केवळ विजेचे ५,२५,६०० रुपये होतात. तेजस्वी पडद्यांना याच्या दुप्पट-तिप्पट वीज लागते. खरेदीच्या दिवशी सर्वांत कमी किमतीची निविदा पाच वर्षांनंतर सर्वांत महाग ठरू शकते, ती अशी. घरगुती दूरचित्रवाणी संच स्वस्त मिळतो, परंतु तो दिवसाचे काही तास चालण्यासाठी केलेला असतो. एकच मजकूर महिनोन्‌महिने त्यावर ठेवल्यास त्याचा ठसा उमटतो, आणि व्यावसायिक वापरासाठी त्याची हमी बहुधा लागूच होत नाही. निविदेत म्हणूनच किमतीबरोबर वीज, सुटे भाग, दुरुस्तीला येण्याची मुदत आणि पाच वर्षांची देखभाल यांची बेरीज मागावी. भारतीय रेल्वेच्या प्रवासी-सूचना उपकरणांसाठी लखनौ येथील अनुसंधान, अभिकल्प व मानक संघटना मानके ठरविते. नगरपालिका, रुग्णालये व परिवहन मंडळे यांनाही त्यांच्यापासून घेण्यासारखे पुष्कळ आहे. दहा किंवा वीस पडद्यांपैकी एक जादा घेऊन कपाटात ठेवण्याची तरतूद प्रारंभीच केली, तर बिघाड झालेल्या दिवशी निविदा काढण्याची वेळ येत नाही.

यंत्राच्या बिघाडांत सर्वांत घातक बिघाड अंधाराचा नसतो. पडदा काळा पडला तर प्रवासी समजतो आणि दुसरीकडे विचारतो. पण जुनीच यादी घेऊन झळाळत राहिलेला, गोठलेला पडदा त्याला आत्मविश्वासाने चुकीच्या फलाटावर पाठवितो. ही फसगत टाळण्यासाठी फलकाच्या कोपऱ्यात चालते घड्याळ असावे आणि माहिती ठराविक मिनिटांत ताजी झाली नाही तर यादी पुसून ‘कृपया घोषणेकडे लक्ष द्यावे’ एवढेच दिसावे, अशी अट करारात घालावी. ती अट पाळली जाते की नाही, हे पाहण्याची रीत सोपी आहे. मोठी खरेदी करण्यापूर्वी एकच फलक स्थानकावर उन्हाळ्याचा एक महिना आणि पावसाळ्याचा एक महिना लावावा. मध्येच त्याची जोडणी काढावी, वीज तोडावी, पुन्हा द्यावी. त्याच्यासमोर ठरलेल्या अंतरावर साठीच्या एका प्रवाशाला उभे करून त्याची गाडी कोणत्या फलाटावर आहे ते विचारावे. त्याने पाच सेकंदांत बरोबर उत्तर दिले तर फलक घेण्यायोग्य आहे. न दिल्यास माहितीपत्रकातील सारे आकडे बाजूला ठेवून कारण शोधावे. आणि नवे फलक बसल्यावरही चौकशीच्या खिडकीशेजारचा खडूचा फळा काढून टाकू नये. ज्या दिवशी सारी यंत्रे एकदम थांबतील, त्या दिवशी प्रवाशांना त्याचाच आधार असेल.